लाँच आडवी कशी वळली

"प्रेत इंजिनाच्या खोलीत सापडलं. बरोबर?"

पाणबुड्याने मान हलवली. "हो साहेब. इंजिनाला टेकूनच होतं."

बार्जच्या वकिलाने न्यायाधीशांकडे बघत दोन्ही हात पसरले. "म्हणजे टक्कर झाली तेव्हा लाँचचा सारंग खाली होता. वर सुकाणूवर चिटपाखरू नव्हतं. म्हणूनच लाँच आडवी वळून बार्जसमोर आली."

सारंगाच्या बाजूचे म्हातारे वकील सावकाश उठले. उठताना त्यांनी शेजारी बसलेल्या सारंगाच्या बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती.

सात महिन्यांपूर्वी, सकाळच्या दाट धुक्यात, विटांची लाँच आणि वाळूची बार्ज नदीत एकमेकींवर आदळल्या होत्या. बार्जला ओरखडा आला. लाँच पाच मिनिटांत तळाला गेली आणि ती चालवणारा सारंगही तिच्याबरोबर गेला. बार्जच्या तांडेलावर खटला भरला गेला; पण सुकाणू मोकळं सोडून सारंगच खाली झोपला होता, असं गावभर झालं. त्याची बायको धाकट्या दिराला घेऊन वकिलांकडे आली ती याच बोलण्याला कंटाळून.

"मला दुसरं काही नको," ती म्हणाली होती. "सुकाणू रिकामं नव्हतं. एवढं कोर्टाने लिहून द्यावं."

वकिलांनी जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता. "बादलीत पाय बुडवताना भिंत धरणारा माणूस," त्यांची बायको म्हणाली, "नि नदीची केस घेऊन बसलाय!"

नदी त्यांना शिकवली ती सारंगाच्या बायकोनेच. वकिलांच्या टेबलावर चष्म्याचं घर म्हणजे लाँच आणि दौत म्हणजे बार्ज करून तिने सगळा रस्ता दाखवला. "पुलाखालून निघालं की पाणी डावीकडे ओढतं. तिथे सुकाणूचं चाक नेट लावून धरावं लागतं, नाहीतर मनगटाला हिसका बसतो." वकील भराभर लिहून घेत होते. बावीस वर्षं सारंगाशी संसार केलेल्या बाईला एवढं तोंडपाठ असायचंच, असं त्यांना वाटलं. त्यांच्या बायकोलाही आता निम्मी कलमं पाठ होती.

"इंजिनाच्या खोलीचं दार कसं होतं?" त्यांनी पाणबुड्याला विचारलं.

"सताड उघडं."

"आणि आत पाण्याची ओढ?"

"भयंकर. मलासुद्धा आत खेचत होती."

"म्हणजे वरचा माणूसही खेचला जाऊ शकतो."

"शकतो की."

दिराने सुटकेचा श्वास सोडला.

मग बार्जचा तांडेल पिंजऱ्यात आला. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा माणूस. बार्ज त्यानेच हाकली होती. "लाँच आपल्या बाजूने नीट येत होती," तो म्हणाला. "मी तीनदा भोंगा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला तशी ती भलतीकडेच वळली. थेट माझ्या नाकासमोर."

"बावीस वर्षांचा सारंग भोंगा ऐकून भलतीकडे वळेल?"

तांडेल प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही वळणार."

"कारण भोंगा वाजलाच नव्हता!" वकिलांचा आवाज चढला. काठावरच्या वीटभट्टीचा राखणदार सांगून गेलाच होता, की त्याच्या कानावर काही आलं नाही. वारा उलटा होता; पण ते त्याला कोणी विचारलं नाही, आणि वकिलांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

सारंगाच्या बायकोची साक्ष दोन मिनिटांत आटोपली. शपथ घेताना तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बातमी ऐकून धावताना घाटाच्या पायऱ्यांवर पडले, असं तिने वकिलांना आधीच सांगितलं होतं.

"टक्कर झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"नवरा कामात झोपणाऱ्यांपैकी होता?"

"कधीच नाही. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी त्यांना चैन पडायची नाही."

निकालाच्या दिवशी कोर्ट भरून गेलं होतं. न्यायाधीशांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. मयत सारंगाने सुकाणू सोडल्याचं सिद्ध होत नाही. दिराने डोळे पुसले. तांडेलाने धुक्यात भोंगा न वाजवता बार्ज पुढे दामटली आणि एका माणसाचा जीव घेतला, असं कोर्टाचं मत झालं आहे.

मागच्या बाकावर तांडेलाची मुलगी हुंदका देऊन रडायला लागली.

वकिलांना सगळं अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. ही बहुधा त्यांची शेवटची केस, आणि ती त्यांनी पाण्याला न शिवता जिंकली होती. ते कागद गोळा करू लागले.

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी तांडेलाला विचारलं.

तांडेल न्यायाधीशांकडे वळलाच नाही. तो सारंगाच्या बायकोकडे बघत होता.

"वहिनी, तुमचं दुःख मोठं आहे. पण लेकीची आण घेऊन सांगतो, मी भोंगा वाजवला होता. ज्याने ऐकला तो गेला. आता माझ्या बाजूने बोलणारं कोण आहे?"

ती उभी राहिली.

"खाली बसा," वकील कुजबुजले. "आपण जिंकलोय." त्यांनी तिच्या पदराचं टोक ओढलं. तिने ते सोडवून घेतलं.

"साहेब, तो खरं बोलतोय," ती म्हणाली. "भोंगा वाजला होता."

"बाई, तुम्ही तर घरी होतात," न्यायाधीश म्हणाले.

वकिलांच्या हातातले कागद फरशीवर पसरले. दीर तोंड उघडं टाकून वहिनीकडे बघत राहिला. तिचा आवाज स्पष्ट होता.

"हे इंजिन बघायला खाली गेले होते. तिसरा भोंगा ऐकला नि मी घाबरून चाक भलतीकडे फिरवलं."