माथ्यावरची खूण

बहरीनमध्ये, मनामातल्या आमच्या ऑफिसात एका अमेरिकन कॉन्सलची, म्हणजे वाणिज्यदूताची, जुनी सरकारी पत्रं स्कॅन करायचं काम चालू होतं. दीडशे वर्षांपूर्वी हा साहेब मुंबईत होता. त्याच्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर शाईची एकच बारीक, वळणदार खूण होती आणि तिने आमच्या ग्रेगरी सरांची झोप उडवली होती.

"मेधा, धिस इज अ कोड. हा माणूस हेर होता." सर आता दार लावूनच बोलायचे. त्यांचा माझ्यावरही संशय असावा, कारण मोबाइल बाहेर ठेवायला लावायचे.

मी भिंग लावलं आणि हसूच आलं. घाईत काढलेला 'श्री' होता तो! माझे बाबा किराण्याच्या यादीवरही काढायचे. म्हणजे पत्रं लिहिणारा कुणी मराठी कारकून होता. मग मला वेगळाच संशय आला, म्हणून तारखा तपासल्या. साहेब सुट्टीवर, बोटीत असतानाही मुंबईहून पत्रं जात होती. त्याच्याच नावाने, माथ्यावर 'श्री'सकट.

"ब्रिलियंट!" सर उडालेच. "रिपोर्ट तू लिही, सही मी करतो."

"आणि माझं नाव, सर?"

"नेक्स्ट टाइम, इंशाल्ला."

इथे सहा वर्षं काढल्यावर या इंशाल्लाचा अर्थ कळतो. मी चौदा पानं लिहिली, प्रिंट काढली. सरांच्या टेबलावर सहीला ठेवण्याआधी पेन उघडलं,



आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर बारीकसा 'श्री' काढला.