डोणीतले मासे

डोणी कलंडायला तयार नव्हती. आजोबांनी तिच्या बुडाखाली पहार घातली, अंगातला सगळा भार दिला, तशी ती जराशी उचलली गेली, पाणी डुचमळलं, आणि ती पुन्हा जागच्या जागी बसली. दुपार इतकी सुस्तावली होती की पहारीचा आवाजसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या अंगणातून आल्यासारखा वाटला.

फाटकाबाहेरच्या या दगडी डोणीवर त्यांचा भारी जीव. गल्लीतली कुत्री, चुकार शेळ्या, गवंड्याचं वाळू वाहणारं गाढव, सगळी इथेच तहान भागवायची. लोक त्यांना ‘पाणीवाले आजोबा’ म्हणत आणि ते ऐकून आजोबांच्या अंगावर मूठभर मांस चढे. रोज सकाळी ते न चुकता डोणी काठोकाठ भरत. रिकामी मात्र कधी करत नसत. भरलेलं पाणी ओतून द्यायचं त्यांच्या जिवावर येई.

जनावरांची डॉक्टरीण नुकतीच येऊन गेली होती. तिला बोलावलं होतं त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी, भुऱ्यासाठी. त्याच्या छातीला नळी लावून ती बराच वेळ ऐकत राहिली.

“काळजात जंत झालेत याच्या,” ती म्हणाली. “डास चावून होतात. औषध बरेच दिवस द्यावं लागेल. घरात आणखी कुणी आजारी आहे का?”

“नात आहे. तापाने फणफणलीय. तिचे डॉक्टरही डासांचंच नाव घेतात.”

डॉक्टरीण उठून फाटकाबाहेर गेली. डोणीवर वाकली आणि तिने ओंजळभर पाणी उचललं. “हे काय आहे, आजोबा?”

“मासे,” आजोबा कौतुकाने म्हणाले. “बारके आहेत अजून. नातीने पाळलेत. रोज पावाचा चुरा घालते त्यांना.”

त्यांच्या डोळ्यांना पाण्यात नुसती वळवळ दिसायची. नात म्हणाली मासे, म्हणून मासे. डॉक्टरीण हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही.

“आजोबा,” ती म्हणाली, “या माशांना पंख फुटतात.”

आता आजोबांनी पुन्हा पहार घातली. या खेपेला डोणी कलंडली. पाणी तापल्या मातीवरून सावकाश पसरत गेलं, जणू त्यालाही कुठे जायची घाई नव्हती. मातीत ती इवली वळवळ थोडा वेळ दिसली आणि मग दिसेनाशी झाली. एवढे लाड केलेले जीव म्हणून आजोबांना त्यांचंही वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. आपल्याच हाताने घागरी ओतून आपण घरात दुखणं आणलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

गवंड्याचं गाढव आलं. पालथ्या डोणीला नाक लावून ते उभं राहिलं. आजोबांनी आतून बादली आणली आणि ते पीत होतं तोवर धरून ठेवली. पूर्वी ते पाणी भरून निघून जायचे. गाढव पिताना डोळे मिटतं, हे त्यांनी आज पाहिलं. उरलेलं पाणी त्यांनी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि बादली उपडी करून ठेवली.

खोलीत पडदे ओढलेले होते. मच्छरदाणीच्या पांढऱ्या धुक्यात नात पडली होती. शेजारी तिची आई, आजोबांची सून, जागरणाने बसल्या जागी पेंगत होती. खाटेखाली भुऱ्या पाय पसरून निजला होता. सगळं घर कुठल्या तरी पाण्याच्या तळाशी असावं, तसं संथ झालं होतं. आजोबांनी मच्छरदाणीखालून हात घालून नातीच्या कपाळाला लावला. ताप होता, पण सकाळी चटका बसत होता तसा नाही.

“आजोबा, मी डोणीत आहे का?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“नाही गं. मच्छरदाणीत आहेस.”

“मासे मोठे झाले?”

थाप मारणं सोपं होतं. स्वप्नातल्या माणसाला काहीही सांगितलं तरी पटतं.

“झाले,” आजोबा म्हणाले. “आणि उडून गेले.”

“मासे कुठे उडतात?” आता तिने डोळे उघडले.

“ते मासे नव्हतेच, बाळा. डास होते. आपण दोघांनी मिळून डास पाळले.”

ती कुशीवर वळली.

“पण चुरा आवडायचा त्यांना.”

“आवडायचा ना.”

तेवढ्यात एक डास कुठूनसा आला आणि मच्छरदाणीवर बाहेरून बसला, अगदी तिच्या नाकासमोर. पोट भरलेलं असावं, फार जड बसला होता. ती त्याच्याकडे टक लावून बघू लागली. हळू आवाजात, तो घाबरू नये म्हणून, तिने विचारलं, “आजोबा, हा आपल्यातलाच का?”

“आपल्यातलाच,” आजोबा म्हणाले.

डास उठला, संथपणे एक गिरकी घेऊन त्यांच्या तोंडापुढे आला. आजोबांनी टाळी वाजवली. सून दचकून जागी झाली. भुऱ्याने मान वर केली आणि पुन्हा टाकली.

त्यांनी तळहात उघडला. त्यावर रक्ताचा एक ठिपका होता. तो नातीचा, भुऱ्याचा की त्यांचा स्वतःचा, हे आजोबांना ओळखता येईना.