कंपनीचा रेडिओ

जयसिंगरावांनी पिशवीतून रेडिओ काढला आणि फियाटच्या बॉनेटवर ठेवला.

"कंपनीचाच हाय. गाडी बी त्र्याहत्तरची, ह्यो बी तवाचाच. आधीच्या मालकानं टेप घातलाय, तो काढा आन् हा बसवा."

पाटबंधारे खात्यातून नुकतेच रिटायर झालेले जयसिंगराव जुन्या गाडीच्या नादाला लागले होते. शिरूरच्या स्टँडमागं सतीशचं वायरिंगचं दुकान होतं. त्यानं टेप उपसून काढला. डॅशबोर्डामागच्या जुन्या वायरींचं कव्हर बोट लावताच झडत होतं. ती काढून त्यानं बॅटरीपासून नवी वायर ओढली, मध्ये फ्यूज घातला.

जुन्या रेडिओंत काहींचं अर्थिंग उलटं असतं. तसाच जोडला तर पहिल्याच झटक्यात जळतो. ते बघायला त्यानं चार स्क्रू काढून मागचा पत्रा उघडला.

पत्र्याच्या आतल्या बाजूला खिळ्यानं नाव कोरलं होतं. सतिष.

तिसरीत असताना त्यानंच ते कोरलं होतं. शाळेत नुकताच शिकलेला षटकोनातला 'ष' त्याला फार आवडायचा. वडिलांनी आधी मुस्काटात दिली होती, मग वाचून हसले होते.

"कुठं घावला ह्यो?" सतीशनं मान वर न करता विचारलं.

"दौंडला. रेल्वे लायनीच्या पलीकडं एक आप्पा रेडिओ दुरुस्त करतो. त्याच्याकडनं घेतला. का वो, बिघाडलाय?"

"न्हाई. उद्या देतो गाडी."

अकरा वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, त्याचे वडील पोपटराव नाहीसे झाले होते. त्यांची फियाट वडगाव रासाईजवळ भीमेच्या काठाला सापडली. दार उघडं, चपला वाळूत, डॅशबोर्डातला रेडिओ उपसलेला. आदल्याच दिवशी नदीकाठच्या रानावरून पोपटराव आणि त्यांचा धाकटा भाऊ भैरू यांची साऱ्या आळीसमोर भांडणं झाली होती.

सतीशच्या आईनं, धुरपदाबाईनं, चौकीत भैरूचं नाव सांगितलं. बारा दिवस त्याला आत ठेवलं. प्रेतच मिळालं नाही, म्हणून सोडून दिलं. पण बाहेर आला तो लंगडतच. गावात त्याला कुणी चहा पाजेना, कुणी शेजारी बसू देईना. शेवटी रानाचा हिस्सा टाकून तो वीटभट्टीवर गेला, आणि गेल्या उन्हाळ्यात तिथंच मेला. सतीश मातीला गेला नाही.

धुरपदाबाईनं मात्र कुंकू पुसलं नाही. "प्रेत घावलं न्हाई, मग कुकू का पुसू?" ती म्हणायची. आळीतल्या सुना सणावाराला आधी तिच्या पाया पडायच्या. दोन्ही हिश्श्यांचं रान ती एकटीनं कसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतीश मोटरसायकलवरून दौंडला गेला. हा रेडिओ कुणी विकला, एवढंच त्याला विचारायचं होतं. भैरूकाकाचं नाव ऐकायची त्यानं तयारी ठेवली होती.

लायनीपलीकडं पत्र्याची खोली होती. दारातच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा वाकून कसलासा सांधा डाग देऊन जोडत होता.

"आप्पा, जयसिंगरावांना तुम्ही एक फियाटचा रेडिओ दिलता. तुम्हांला तो कुणी विकला?"

म्हाताऱ्यानं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला.

"तू सतीश न्हवं?"

सतीश दारातल्या स्टुलावर बसला. आतून एका बाईनं विचारलं, "अवं, कोण आलंय? च्या ठिऊ का?"

"गिऱ्हाईक हाय," म्हातारा म्हणाला.

रुळांवरून मालगाडी गेली, खोलीचा पत्रा थरथरला.

"दोन वर्षं झाली हितं येऊन. आधी सुरतेकडं व्हतो." पोपटरावांनी हात फडक्याला पुसले. "भैरू कसा हाय?"

"मेला. गेल्या उन्हाळ्यात."

डाग द्यायची सळई पोपटरावांच्या हातातून फळीवर पडली. लाकूड जळायचा वास आला, तरी त्यांनी ती उचलली नाही.

"कुणी कळवलं न्हाई मला."

"का गेलता, आबा?"

आतल्या दाराकडं बघून पोपटराव हळू आवाजात म्हणाले, "ही हितं हाय, ते तुझ्या आईला सांगू नगंस. एवढं ऐक."

सतीश उठला. चहा आला तेव्हा तो मोटरसायकलवर बसला होता.

दुपारी त्यानं रेडिओ बसवला. अर्थिंग बरोबर निघालं. एरियल खेचल्यावर खरखर झाली, मग बाजारभाव ऐकू यायला लागले. जयसिंगरावांनी दोनदा हात जोडले.

दिवस मावळायच्या आत तो वडगावला पोचला. रस्ताभर त्यानं ठरवलं होतं की आईला काही सांगायचं नाही. अकरा वर्षं कुंकू लावून बसलेल्या बाईला, तुझा नवरा दुसरीबरोबर राहतोय, हे कुठल्या तोंडानं सांगणार? पण भैरूकाकाचा लंगडा पाय त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

धुरपदाबाई ओट्यावर मेथी निवडत होती. सतीश पायरीवर बसला.

"आज दौंडला गेलतो," तो म्हणाला.

तिचा हात जरा थांबला, मग पुन्हा चालू झाला. पुढचं वाक्य सतीशनं जमवून जमवून उच्चारलं.

"आये, भैरूकाकानं काय केलं नव्हतं. आपुन उगं त्याचं नाव घेतलं."

धुरपदाबाईनं पिवळं पान बाजूला टाकलं.

"उगं कशाला घेऊ?" ती म्हणाली. "जाताना तुझं आबाच सांगून गेलते, भैरूचं नाव घे म्हणून."