तिसरी मात्रा

"थांबा! परत तिथंच!"

बाईंनी हात वर केला तसा दुसरीचा अख्खा वर्ग गप्प झाला. बाकं भिंतीला सरकवलेली. मुलं अनवाणी, अर्धगोलात उभी. दाराबाहेर बुटांचा ढीग पडलेला.

शाळेत वाद्यं नव्हती, म्हणून बाईंनी मुलांच्या अंगालाच वाद्य केलं होतं. पहिल्या मात्रेला पाय आपटायचा. दुसरीला उजव्या हाताची थाप उजव्या मांडीवर, तिसरीला डाव्या हाताची डाव्या मांडीवर. चौथीला टाळी. बस, एवढंच. वर्षाच्या सुरुवातीला हीच पोरं पाणी प्यायला रांगेत उभी राहिली तरी वाजवत राहायची. आता मात्र तिसऱ्या मात्रेला सगळा वर्ग अडखळायचा, आणि चौथीची टाळी मागून धापा टाकत यायची.

बाईंनी काय नाही केलं? मोठ्याने मोजून पाहिलं. मुलांना छातीवर हात ठेवायला लावलं. "आतला ठोका ऐका. हात थांबले तरी तो थांबत नाही." चुचकारलं, मग रागावल्या. सगळं पाण्यात. लहानपणापासून तबल्यावर वाढलेल्या बाईला साध्या चार मात्रा शिकवता येऊ नयेत! रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. खांदा आखडला होता. काल हातातून कप पडला तेव्हा नवरा वैतागून म्हणाला होता, "ती शाळा डोक्यातून काढ जरा. चालतेस तीसुद्धा डावा हात अंगाला चिकटवून, जसा काही भाड्याने आणलाय." एरवी त्या हसल्या असत्या.

आणि आज मोठ्या बाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "आज मी येऊन बघते. जमत नसेल तर हा तास गणिताला देऊ. उगाच आवाज तेवढा होतो."

बाईंना एकदम वाटलं, ही पोरं एकमेकांकडे बघून चुकतात. एक चुकला की सगळे चुकतात.

"सगळे भिंतीकडे तोंड करा. कुणी कुणाकडे बघायचं नाही. मी नुसतं मोजणार."

मुलं वळली. बाईंनी मोजायला सुरुवात केली, आणि त्यांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. पाय, मांडी, मांडी, टाळी. पाय, मांडी, मांडी, टाळी. एकही थाप इकडची तिकडे नाही. बाईंनी मोजायचं थांबवलं तरी वर्ग चालूच राहिला. खोलीची जमीन हलत होती. कित्येक दिवसांनी त्यांना श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला.

त्या धावतच ऑफिसात गेल्या. "चला, आत्ताच चला!"

मोठ्या बाई चष्मा पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंना पाठ कशी दाखवायची, म्हणून बाईंनी मुलांना पुढे वळवलं. स्वतः समोर उभ्या राहिल्या. "माझ्याबरोबर. एक, दोन..."

पाय पडला. उजवी मांडी वाजली. तिसऱ्या मात्रेला वर्ग अडखळला.

"परत," बाई म्हणाल्या. परत तेच. आणखी एकदा, आणखी तेच. टाळी तर अशी विस्कटली की मागच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"राहू द्या, बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "सोमवारपासून गणित."

त्या गेल्या. बाई खुर्चीत बसल्या नाहीत, खाली फरशीवरच बसल्या. आत्ता तर येत होतं या पोरांना. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी!

"मुद्दाम करता का रे तुम्ही?" त्यांचा आवाज फुटला. "मी काय वाईट केलंय तुमचं?"

मग समोरचे दोन दात पडलेली, जिला सगळे बोळकी म्हणायचे, ती मुलगी पुढे आली. बाईंच्या शेजारी उकिडवी बसली. तिने बाईंच्या डाव्या हातावर बोट ठेवलं.

"हा मागे राहतो, बाई."

"काय मागे राहतो?"

"तुमचा हात. तीन म्हणता ना, तेव्हा."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी बसल्या जागी, कुणालाही न सांगता, मनातल्या मनात मोजलं. एक. दोन. उजवा हात पडला. तीन. डावा हात मांडीच्या वर तसाच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा, हळूच थरथरत, आपल्या सवडीने खाली आला. तोवर चार होऊन गेले होते.

त्यांनी पुन्हा मोजलं. हात पुन्हा उशिरा आला. आतला ठोका मात्र जिथल्या तिथे चालू होता, स्वच्छ, जसा कायम होता तसा. त्यांनी उजव्या हाताने डावा हात घट्ट धरला. धरलेल्या मुठीतही तो थरथरत होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"थंडी पडायच्या आधीपासून."

"सगळ्यांना माहीत होतं?"

मुलांनी माना हलवल्या.

"मग मला सांगितलं का नाही?"

बोळकीने वळून बाकीच्यांकडे पाहिलं. बाईंना एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, असा तिचा चेहरा झाला होता.

"सांगायचं कशाला, बाई? आम्ही थांबत होतो ना."