पांदणीची वाट

वृषालीनं मोबाइलवर स्कूटरची जुनी जाहिरात लावली. त्यात पोरगा रोज पोरीच्या मागं गाडी घेऊन फिरतो, अन् शेवटी ती लाजून हसते.

"बाबा, आज हा पोलीस ठाण्यात बसला असता!"

देवाजींची मात्र कळी खुलली. "आमचं असंच जुळलं. मी बेला गावाच्या रस्त्यावर सायकल घेऊन उभा राहो. मंग तुझी माय पांदणीच्या आडवाटेनं शाळेत जायले लागली, एकांत भेटावा म्हणून."

पंचवीस वर्षं ताराबाईनं हे मुकाट ऐकलं होतं. आज तिनं तूर पाखडायचं सूप खाली ठेवलं.

"एकांतासाठी नाही. रस्त्यावर तुमी उभे राहत होते, म्हणून पांदणीनं जात होती."

तिनं खुंटीवरची स्कुटीची चाबी काढून लेकीच्या हातात दिली.

"चाल, मले गाडी शिकव. बेल्याच्या रस्त्यावरच."