भिलाई, पहाटे पाच वीस

बाबांच्या वेबसाइटवर आता कोण येतंय, असं म्हणून साक्षीने काल होस्टिंगवरचं सगळं पुसलं. एकच फाइल हलेना. ती सर्व्हरच्या ताब्यातली होती. काढून टाका, म्हणून तिने होस्टिंगवाल्यांना मेल टाकला आणि सकाळी सहज ती उघडली. आत वेबसाइट पाहणाऱ्यांची नोंद होती. बाबा गेल्यापासूनची चार वर्षं, रोज पहाटे पाच वीसला, एकच फोन. साक्षी थक्क होऊन ओळी सरकवत राहिली. एकही सकाळ चुकली नव्हती. तो फोन तिनेच आईला दिला होता. “आई, तू रोज बाबाची साइट पाहते?” “हो. पाच वीसले ते प्लांटात फर्स्ट शिफ्टले निघत, तवा त्यायचा फोटो पाहून घेते. आज उघडूनच नाही राहिला.” तेवढ्यात होस्टिंगवाल्यांचं उत्तर आलं: फाइल काढू का? साक्षीने लिहिलं, “ती राहू द्या. बाकीचं परत द्या.”