विहिरीतला पुजारी

"पहिला घाव समोरून," डॉ. कमलाकर म्हणाले आणि कवटीतल्या भेगेवर त्यांनी बोट ठेवलं. "दुसरा, खाली पडल्यावर. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी घातला."

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या त्या खेड्यातल्या चर्च हॉलमध्ये चहाचे कप हवेतच थांबले. रोमन काळातल्या देवळाची विहीर उपसताना देवीचं तोडलेलं शिर निघालं होतं, आणि त्याखाली या माणसाचा सांगाडा. उत्खननाचं काम बघणाऱ्या नीनाने हाडांचे निवृत्त सर्जन म्हणून कमलाकरांना बोलावलं. ते आनंदाने आले. हाडांसाठी कमी, होणाऱ्या व्याह्यांसाठी जास्त. त्यांची श्रद्धा डॅनियलशी लग्न करणार होती, आणि त्याआधी बाप्तिस्मा घेणार होती. डॅनियलचे आईवडील पहिल्याच रांगेत बसले होते. लग्न मोडायचं तर याच रांगेसमोर, हे कमलाकरांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

शेजारी त्यांची बायको सुचेता लेकीच्या खांद्यावरची शाल सारखी करत होती. जिन्यावरून पडून श्रद्धाचा डावा हात मोडला होता. पडायलाही मुहूर्त बघावा तशी पडली, बाप्तिस्म्याचं घरी सांगितलं त्याच संध्याकाळी. हॉस्पिटलात कोण ताटकळणार, म्हणून प्लास्टर बाबांनी घरीच घातलं. त्याचं कौतुकही झालं. डॅनियलच्या आईने तर केक पाठवला.

कमलाकरांनी गोष्ट पुढे नेली. नवा धर्म घेतलेली टोळी देवळात घुसली, देवीचं नाक फोडलं, मान तोडली आणि आडव्या आलेल्या पुजाऱ्याला ठेचून विहिरीत टाकलं. "देव बदलला की माणूस आधी आपल्याच लोकांवर हात उचलतो," ते पहिल्या रांगेकडे बघत म्हणाले.

नीनाने घसा खाकरला. मानेच्या मणक्यांतला गाळ धुताना सकाळीच एक वस्तू सापडली होती. तिने ती तळहातावर धरली. शिशाचा लहानसा क्रॉस.

"नवा धर्म यानेच घेतला होता, डॉक्टर. देवीचं शिर पडलं ते पुष्कळ नंतर, मधे हातभर गाळ होता. याला मारणारे देवीचे भक्त असणार. कदाचित घरचेच."

कुजबुज सुरू झाली. कमलाकरांचे कान तापले. डॅनियल भला मुलगा. होणाऱ्या सासऱ्यांची लाज राखायला तो उठला. कुणी मारलंच नसेल, म्हणाला. पाय घसरून विहिरीत पडला असेल, सांगाड्याचा डावा हात मोडलेला दिसतोय, तोही पडण्यातच मोडला असेल.

नुसती मान डोलावली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण आयुष्यभर हाडं जोडलेल्या माणसाला हाडाबद्दलची चूक ऐकवत नाही.

"नॉट पॉसिबल," कमलाकर म्हणाले. "पडताना माणूस हात टेकतो, मनगट जातं. हे करंगळीच्या बाजूचं हाड, मधोमध आडवं मोडलंय. समोरून डोक्यावर घाव येतो, तेव्हा माणूस असा हात धरतो. तेव्हाच हे असं मोडतं." त्यांनी डावा हात कपाळासमोर आडवा धरून दाखवला.

डॅनियल खाली बसला नाही. तो श्रद्धाकडे बघत होता. सुचेताचा हात घाईने शालीकडे गेला.

श्रद्धाने शाल खाली पडू दिली आणि प्लास्टरमधला हात, बाबांनी धरला होता तसाच, कपाळासमोर आडवा धरला.